पंधरा दिवस बिनपाण्याचे

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासणारी थोरली बावन्न वर्षांची होती, आणि गेल्या अकरा वर्षांत ती एकही रात्र घराबाहेर झोपली नव्हती. अहो, कैद्यालासुद्धा चांगल्या वागणुकीवर चार दिवसांची सुट्टी मिळते म्हणतात. हिची वागणूक तर अशी की नाव ठेवायला जागा नाही. पण सुट्टी? नाव काढू नका. का, तर गुलाब!

गुलाब बाबांचे. आई गेली त्या वर्षी त्यांनी मागच्या अंगणात तीस कुंड्या मांडल्या, आणि पुढे त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यावर त्या तीसही कुंड्या थोरलीच्या गळ्यात पडल्या. दोन वेळा पाणी, आठवड्याला फवारणी, छाटणी, आज मावा तर उद्या बुरशी. एक दिवस चुकला की झाडं माना टाकायची आणि बाबा तोंड फुगवायचे. झाडांची मान निदान संध्याकाळी सरळ व्हायची.

अशात धाकट्या बहिणीचा फोन आला. चार महिन्यांनी ती मुलाकडे परदेशी कायमची राहायला चालली होती. "जायच्या आधी पंधरा दिवस ये माझ्याकडे," ती म्हणाली. "एका गादीवर झोपू, पोटभर भांडू. नंतर कोणी बघितलंय?"

थोरलीला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाची उजवी काच डावीकडे बसवली. शेजारच्या मावशी दोन्ही वेळचा डबा द्यायला तयार झाल्या, त्यांचे यजमान रात्री बाबांच्या सोबतीला. "पण त्या तीस कुंड्यांचं तेवढं सांगू नकोस बाई," मावशी म्हणाल्या, "माझी कंबर आधीच गेलेली."

म्हणून थोरलीने अकरा वर्षांत पहिल्यांदा मन घट्ट केलं. गुलाब गावभर वाटून टाकले आणि नर्सरी गाठली. "मला न मरणारी फुलझाडं द्या."

नर्सरीवाला हसला. "न मरणारं फक्त तण असतं, ताई. कमी कुरकुर करणारी देतो. ऊन किती वेळ?"

"दहा ते चार."

"भिंत तापते?"

"हात लावला तर चटका बसतो."

"झकास." त्याने भिंतीसाठी बोगनवेल काढली, सदाफुलीची आठ रोपं, उथळ कुंडीसाठी चिनी गुलाब आणि पोट सुटल्यासारख्या बुंध्याचं अडेनियम. "हा गडी खोडात पाणी साठवतो, उंटाच्या जातीचा." थोरलीचा हात एका निळ्या गुच्छाच्या फुलाकडे गेला, तसं त्याने ते झाड मागे सरकवलं. "ही रुसूबाई आहे. हिच्या नादी लागलात तर परत घरीच बसाल. मातीत वाळू नि विटांचे तुकडे घाला. मुळं धरायला दोन-अडीच महिने लागतील, तोवर पाणी द्या. मग विसरा. मुळं धरल्यावर रोजचं पाणी यांना सोसत नाही. ही झाडं तहानेने नाही, लाडाने मरतात."

बाबांनी खिडकीतून सगळी उस्तवार पाहिली. "रस्त्याकडेची झाडं अंगणात आणलीस," म्हणाले. मग बोलले, "ठीक आहे. पंधरा दिवस पाण्यावाचून जगतात, एवढं दाखव. मग खुशाल जा."

म्हातारा पक्का होता, पण सौदा सरळ होता. अडीच महिन्यांनी झाडं फुलांनी लदबदली, तेव्हा थोरलीने नळी गुंडाळून माळ्यावर टाकली, झारी मावशींना देऊन टाकली, आणि बॅगेवरची धूळ पुसली.

पहिले पाच दिवस दृष्ट लागेल असे गेले. आठव्या दिवशी सदाफुलीची पानं पिवळी पडली. अकराव्या दिवशी सदाफुली नि चिनी गुलाब आडवे झाले, बोगनवेलीच्या नुसत्या काड्या उरल्या. बाराव्या दिवशी अडेनियमचा बुंधा दाबला तर पिकल्या फळासारखं बोट आत गेलं. थोरली ती कुंडी छातीशी धरून नर्सरीत धावली.

नर्सरीवाल्याने रोप उपटलं, वास घेतला. "कुजलंय. रोज पाणी कोण घालतं?"

"कोणी नाही हो! बारा दिवस थेंब नाही."

"ताई, माती बघा. अजून चिकटतेय बोटांना."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिने चपलाही काढल्या नाहीत. "बाबा, माझ्या मागे तुम्ही पाणी घातलंत!"

"मी?" खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. "मला त्या तीन पायऱ्या उतरवत नाहीत, दोन वर्षं झाली. तू घातलंस."

"मी?"

"रोज सकाळी. नळ यायच्या आधी कालच्या बादल्या कुठे रिकाम्या करतेस?"

थोरलीने मोरीकडे पाहिलं. नळ तासभरच यायचा. तो यायच्या आत कालचं शिळं पाणी काढायचं, आणि या घरात पाणी मोरीत ओतायचं नाही, हे आईच्या वेळेपासूनचं. दोन बादल्या, एक कळशी, रोज, कुंड्यांत. ते पाणी घालणं आहे असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाणी घालणं म्हणजे नळी. हे म्हणजे भांडी रिकामी करणं.

"तुम्ही रोज बघत होतात?" तिने विचारलं. "मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला जायचंच नाहीये," बाबा म्हणाले. "तोंडाने सांगवत नाही, म्हणून असं करतेयस." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "खोटं कशाला बोलू? बरं वाटलं मला."

तिला त्यांचा संताप आला. त्याहून जास्त भीती वाटली, कारण म्हातारा चुकला असं छातीठोक म्हणायला ती तोंड उघडायची आणि शब्द यायचा नाही.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला.

"सगळी मेली गं," थोरली म्हणाली.

"मेली? अगं, मग सुटलीस!" धाकटी हसत सुटली. "आता पाणी घालायचंय कोणाला? उद्याची गाडी पकड, मी घ्यायला येते."

थोरलीने बाबांकडे पाहिलं. ते पेपरात डोकं घालून बसले होते, पान काही उलटत नव्हते. डबा ठरलेला होता. सोबत ठरलेली होती. अंगणात जिवंत काही उरलं नव्हतं.

"ऐकतेयस ना?"

"हो. पण अशा रिकाम्या कुंड्या... बाबांना बघवणार नाहीत गं. नवीन रोपं आणते. त्यांनी एकदा मुळं धरली की लगेच निघते."

"किती दिवस लागतील?"

"दोन-अडीच महिने."

धाकटीचं विमान सतरा दिवसांवर होतं, आणि तारीख दोघींनाही पाठ होती.