आक्काचा राग

आमची आक्का ज्याच्याशी भांडली नाही, असा माणूस गडमुडशिंगीत शोधून सापडला नसता. आक्का म्हणजे माझी आई; पण अख्खं गाव आक्का म्हणायचं, म्हणून आम्ही भावंडंही तेच म्हणायचो. घरामागच्या रानात तिची उसाच्या रोपांची नर्सरी होती. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याची उलटतपासणी घ्यायची. "पावणं, रान तयार हाय का? पाणी हाय का? न्हाय? मग रोपं काय भिताडाला चिकटवनार?" अशी तिनं चांगली चांगली गिऱ्हाइकं वाटेला लावलेली मी पाहिली आहेत. तीच माणसं सरी सोडून, पाण्याची सोय करून परत यायची. मग मात्र चहा घेतल्याशिवाय ती कुणाला उठू द्यायची नाही.

घरात एका शब्दाला बंदी होती : नशीब. आक्काचं माहेर शाहूवाडीकडचं. तिच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाच मुलांना बजावलं होतं की, ज्या शब्दानं आपल्या बापजाद्यांना वाकवून ठेवलं, तो या उंबऱ्याच्या आत यायचा नाही. माझा भाऊ मिलिंद दहावीला गणितात नापास झाला आणि "नशीबच फुटकं" असं पुटपुटला, तेव्हा आक्का भाकरी थापायची थांबली. "नशीब न्हवं, भूमिती. भूमिती केली न्हाईस तू," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरीकडे वळली. तिचा राग असा होता. कुणाला खाली बसवण्यासाठी ती रागवायचीच नाही, उठवण्यासाठी रागवायची.

अशा बाईचे एके दिवशी पायच उठेनात. आधी तळव्यांना मुंग्या आल्या, मग हातातून रोपांचा ट्रे निसटला. तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठता येईना, तेव्हा आम्ही तिला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत श्वास अपुरा पडायला लागला आणि तिला अतिदक्षता विभागात श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. डॉक्टरांनी समजावलं की शरीराची रोगाशी लढणारी ताकदच उलटून तिच्या नसांवर धावून गेली आहे. माणूस यातून बरा होऊ शकतो, पण फार हळूहळू. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, "त्यांना हलता येत नाही, बोलता येत नाही. पण ऐकू सगळं येतंय."

ते शेवटचं वाक्य आम्ही ऐकलं. पण त्याचा अर्थ उमगायला वेळ लागला. पुढे तिच्या गळ्याला छेद देऊन तिथून नळी घातली. चेहराही लुळा पडला, पापण्या तेवढ्या हलायच्या. जिचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जायचा, ती आक्का नुसती छताकडे बघत पडलेली. आम्ही आळीपाळीने बाहेरच्या खुर्च्यांवर बसायचो. आत एकेकालाच, तेही थोडा वेळ सोडत.

कधी नव्हे ते एका दुपारी दोघांना आत सोडलं, कारण मामा शाहूवाडीहून आला होता. मामा आक्काचा धाकटा भाऊ. तो तिच्या उशाशी उभा राहिला आणि त्याचा धीर सुटला. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो तिथंच म्हणाला, "दाजी, किती हाल करायचं तिचं? घरला न्या आता. नशिबात हाय त्ये हुतंय. नशिबाफुडं कुनाचं चाललंय?"

आप्पांनी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. घरात भांडायचं खातं आक्काकडे, आणि आप्पांकडे मान डोलवायचं. त्या दिवशी त्यांनी मामाचा दंड धरला आणि त्याला दाराबाहेर, माझ्यासमोर आणून उभं केलं. "पावणं, ती हितंच ऱ्हानार. बरी हुस्तवर ऱ्हानार. आनि तिच्या उशाला परत असलं बोलायचं न्हाय." मामा मान खाली घालून निघून गेला. मग आप्पा खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मला म्हणाले, "तिनं ऐकलं गं सगळं. तिचं डोळं बघितलं मी."

तेव्हापासून आम्ही तिच्याशी बोलायला लागलो. दवाखान्यातही मग आम्हाला दोघा-तिघांना एकदम आत सोडायला लागले. नर्सबाईंनी खूण ठरवून दिली : एकदा डोळे मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. "दुखतंय का?" नाही. "भीती वाटते का?" नाही. "मामाचा राग आलाय का?" मी विचारलं. आक्काने डोळे एकदा मिटले, आणि इतका वेळ मिटून धरले की नर्सबाई हसल्या.

मिलिंदच्या डोक्यात मग एक कल्पना आली. तो रोज नर्सरीतल्या बातम्या घेऊन यायचा आणि मुद्दाम वाईट सांगायचा. "आक्का, ट्रे उन्हात ऱ्हायलं गं." आक्काचे डोळे वटारलेले. "आक्का, रोपांस्नी दोन टायम पानी मारलं, सगळी पिवळी पडली." डोळे आणखी मोठे. मी त्याला बाहेर येऊन रागावले, तर म्हणाला, "गप. समदं बरं चाललंय म्हनून निवांत पडली तर पडूनच ऱ्हाईल. भांडाय तरी उठंल." एकदा त्यानं थाप मारली की, ज्याला आक्काने पाणी नाही म्हणून परत पाठवलं होतं, त्यालाच गाडीभर रोपं देऊन टाकली. आक्काचा उजवा अंगठा चादरीवर सरकला. आम्हाला भास वाटला. मिलिंदने पुन्हा तेच सांगितलं, अंगठा पुन्हा सरकला. डॉक्टर आले, त्यांनी स्वतः पाहिलं आणि म्हणाले, "सुरुवात झाली."

सुरुवात झाली, पण ती सरळ नव्हती. मध्येच छातीत कफ साठून ताप चढला आणि सुटत आलेलं यंत्र परत लावावं लागलं. त्या आठवड्यात मिलिंदलाही थापा सुचेनात. आक्का मात्र दर सकाळी अंगठा हलवून दाखवायची, जणू आम्हालाच धीर द्यायला. मग मनगट आलं, खांदे आले. यंत्र तासभर सुटायला लागलं, मग दिवसभर. गळ्यातल्या नळीला बोलता येण्याजोगी झडप बसवली, तेव्हा आम्ही तिघंही पलंगाभोवती उभे होतो. फाटक्या, घोगऱ्या आवाजात आक्काचं पहिलं वाक्य आलं, "मामाला बोलीव."

मामा दुसऱ्याच दिवशी आला. तिने त्याला खूण करून जवळ वाकायला लावलं. "बाच्या घरात वाढलास," ती एकेक शब्द ओढत म्हणाली, "आनि नशीब म्हनलास?" एवढा मोठा माणूस, तिच्या पायावर डोकं टेकून हुंदके देऊन रडला. "रडू नगंस. पाय चोळ," आक्का म्हणाली. ती घरी आल्यावरही मामा शाहूवाडीहून येत राहिला, तिचे पाय चोळत राहिला, तिला धरून अंगणात चालवत राहिला आणि शिव्या खात राहिला.

आक्का पुन्हा चालली. डाव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. ती ट्रे कोपराच्या खोबणीत धरायची. कुणी बरं होण्याचं कारण विचारलं की म्हणायची, "अर्धी डाक्टरनं उठीवली, अर्धी माज्या भावावरल्या रागानं." तिला जाऊन आता वर्ष होईल. हृदयाच्या झटक्याने गेली, नर्सरीत, उभ्या उभ्या. त्या आजाराने तिला नेलं नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम सांगते.

पण मला ती आठवते ती, बरी झाल्यावर तपासणीसाठी दवाखान्यात गेलो होतो त्या दिवशीची. डॉक्टरांनी तिला विचारलं, तुमच्याच आजाराचा एक माणूस आत आहे, भेटाल का? कसबा बावड्याचा एक गृहस्थ होता. गळ्यात नळी, चेहरा दगडासारखा. त्याची बायको डोळे पुसत म्हणाली, "त्यास्नी आता कायबी कळत न्हाय, आक्का."

"सगळं कळतंय," आक्का म्हणाली. काठी माझ्या हातात देऊन ती स्टुलावर बसली. आपल्या वाकड्या बोटांनी तिने त्याचा हात धरला. "पावणं, हितं पडल्या पडल्या कुनाचा तरी राग आलाय न्हवं तुमास्नी?"

त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं. डोळे एकदा मिटले.

"सोडू नगा त्यो," आक्का म्हणाली. "त्येच्यासंगं भांडायचं हाय म्हनून उठा."