थर्केटलची पाठ

डेस्मंड थर्केटल हा आमच्या नॉरफोकातल्या पतंगवाल्या मंडळाचा तपासनीस. रात्री दिव्याकडे झेपावणारे पतंग आम्ही बघायचे, कुठला कुठे दिसला ते त्याला कळवायचं आणि खरं-खोटं त्याने ठरवायचं. काम एवढंसं, पण तोरा न्यायाधीशाचा. जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांच्या पार्सलांत खोट काढली, आता आमच्या पतंगांत काढतो.

आम्ही बाकीचे ओकच्या रानात पांढरी चादर टांगून दिवा लावतो. थर्केटलला ते आळशी लोकांचं काम वाटतं. तो घरी काकवी, काळी बिअर आणि रम आटवतो आणि तिन्हीसांजेला ब्रशने झाडांच्या बुंध्यांना फासतो. त्या वासाने पतंग प्यायला येतात म्हणे. येतात बहुतेक गोगलगायी.

त्याला हवा होता निळपंखी. तळहाताएवढा, वरून करडा, पंख उघडले की आत निळा पट्टा; नेहमी दिसणाऱ्या लालपंखीचा तो लाल असतो. लग्नाआधीपासून हा त्याची वाट बघतोय, अजून दिसलेला नाही. आणि मागच्या शरदात तो दिसला कुणाला, तर आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मेविसला. थर्केटल सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "फोटो आहे? नाही ना? मग लालपंखी असेल. या वयात रंग कळत नाहीत, बाई." मेविस चहा न घेताच घरी गेली. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात जातो.

परवा संध्याकाळी रानात आम्ही चौघंच होतो: थर्केटल, मेविस, मंडळातला क्लाइव्ह आणि मी. थर्केटल आम्हाला दिव्याचे तोटे समजावत होता आणि बोलण्याच्या भरात स्वतःच फासलेल्या खोडाला रेलला. आम्ही त्याला तसंच रेलू दिलं. मग टॉर्च घेऊन तो एकेक बुंधा न्याहाळत निघाला आणि आमच्याकडे पाठ झाली तेव्हा दिसलं. त्याच्या कोटावर, त्या चिकट डागावर, काहीतरी करडं बसलं होतं. पीत होतं. त्याने पंख उघडले.

क्लाइव्ह खिसे चाचपायला लागला. फोन गाडीत राहिला होता.

"डेस्मंड, हलू नकोस," मेविस हळूच म्हणाली. "तुझ्या पाठीवर बसलंय."

"मला रानात उभं राहायला शिकवू नकोस," असं म्हणून त्याने कोट काढून झटकला. त्याने मान वळवेपर्यंत पतंग अंधारात गेला होता.

"काय होतं?"

"निळपंखी," क्लाइव्ह म्हणाला.

थर्केटल कोटावरच्या डागाकडे बघत राहिला. "माझ्या मिश्रणावर आला. तुम्ही तिघांनी पाहिलाय, म्हणजे नोंद होते."

"फोटो आहे?" मेविसने विचारलं.

त्याने कोट उलटापालटा करून बघितला.

"मग लालपंखी असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. निळा पट्टा मी चांगला पाहिला होता. "मलाही लालच वाटला," मी म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं.

थर्केटलने कोट परत अंगात घातला. ओकखाली जाऊन आमच्याकडे पाठ करून तो जरा वाकून उभा राहिला.

"बघत राहा हं जरा," तो म्हणाला.

आम्ही दिवा विझवून चादरीची घडी घालायला घेतली.