फटकाकांची गोधडी

आमच्या काकांना सारी गल्ली ‘फटकाका’ म्हणायची. ते घरोघरी हीटर बसवायचे. पण कुणाकडेही गेले की आधी मेणबत्ती पेटवून खिडक्या-दारांच्या कडेनं फिरवायचे. ज्योत हलली की फट सापडली, मग घरमालकाला फैलावर घ्यायचे.

“अंथरूण पाहून पाय पसरावे आणि खोली पाहून हीटर घ्यावा. एवढ्याशा खोलीत भट्टी कशाला? आणि छत उंच असेल तर ऊब वर जाऊन बसणार, तुम्ही खाली कुडकुडणार.”

लोक हसायचे, पण ऐकायचे.

आणि दिव्याखालीच अंधार बघा. काकू अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचा दवाखान्यातल्यासारखा रुंद पलंग आतल्या लहान खोलीच्या दारातून जाईना. तो ठेवला बाहेरच्या खोलीत. तिथं छत उंच आणि खिडक्या मोठ्या. छातीला पुन्हा गारठा बसला तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकांनी आणखी एक हीटर आणला, फटी बुजवल्या, तरी तिचे पाय गारच. ते चोळत बसायचे. इतका हताश माणूस मी पाहिला नाही.

शेवटी त्यांनी खोलीतच खोली केली. पलंगाभोवती दांड्या बांधून वरून आणि बाजूंनी गोधड्या सोडल्या. आत ऊब धरू लागली. पण दाराकडची गोधडी सोडायला गेले, तर काकू म्हणाली, “ती नको. मला दार दिसू दे.”

त्यांची लेक भांडून गेली होती. काकू आजारी असल्याचा निरोप तिला धाडला होता, उत्तर नव्हतं.

“अगं, सगळी ऊब तिथूनच जातेय,” काका रोज विनवायचे. “ती आली की हाक मारीन ना मी.”

“आल्या आल्या तिला काय गोधडी दिसायची? मी दिसले पाहिजे.”

थंडी वाढली. काकूला खोकला लागला. मी औषध घेऊन गेले, तर काका उघड्या बाजूशी, दाराकडे पाठ करून जमिनीवर बसलेले, जमेल तेवढा वारा अडवत. त्यांच्या डोक्यावरून काकू दाराकडे बघत होती. मग तिनं मान वळवली.

“अहो, सोडा ती गोधडी. आता नाही येत ती.”

काका उठले. गोधडीचं टोक धरून उभे राहिले. साऱ्या गल्लीच्या फटी बुजवल्या या माणसानं, पण हात काही खाली येईना.

“राहू दे गं,” ते म्हणाले. “येईल.”