माणिकमामांची मुकी खोली

हिंगोलीच्या बाजारात माणिकमामांचं कडब्याचं दुकान होतं. समोर लोहाराचा भाता, शेजारी टांग्यांचा अड्डा, मागं जिनिंगचा भोंगा. बाजारच्या दिवशी तर आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नसे. शालूमामी गेल्यावर मामा डोंगरकड्याचं शेत भावावर सोडून इथं आले. गावी ते रोज बांधावर डोळे मिटून बसायचे. इथं डोळे मिटले की पेंढीचा भाव विचारायला कुणीतरी खांदा गदागदा हलवायचा.

मामांना निवांत बसायला जागा हवी होती, एवढंच. देऊळ नको, मठ नको. म्हणायचे, "देव ठिवला की घंटा आली, घंटा आली की पुजारी आला, अन् मंग पुजाऱ्याचा मेव्हणा!" बाजारानं त्यांना वेड्यात काढलं. तातेरावांनी तेवढं काढलं नाही.

तातेराव म्हणजे मामांचे लहानपणापासूनचे जिवलग. गावात मोठी जमीन, हिंगोलीत रस्त्यावर घर. "माझ्या घराची कोपऱ्यातली पडकी खोली घे," ते म्हणाले, "माझी आय बी बसंल तितं." १९३८च्या उन्हाळ्यात दोघांनी चिखल तुडवून ती खोली उभी केली. मी मामांची भाची, मला हिंगोलीतच दिलेलं. मामांची भाकरी मीच पोचवायची, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

रस्त्याकडचं दार मामांनी बुजवलं. नवं दार मागच्या बोळात काढलं, इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाताच येऊ नये. झरोका उंचावर ठेवला, उजेड यावा पण रस्ता दिसू नये म्हणून. खरी करामत रस्त्याकडच्या भिंतीत होती. जुन्या भिंतीच्या आत हातभर जागा सोडून त्यांनी दुसरी भिंत उठवली, आमच्याकडं धान्य साठवायला भिंतीच्या पोटात बळद ठेवतात तशी. मग तातेरावांच्या माळवदावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, त्या पोकळीत भुसकट ठासलं. "आवाजाला काही खायला घातलं की त्यो फुडं येत न्हाई," मामा म्हणाले. पोकळीचं दुसरं टोक तातेरावांच्या घरात निघत होतं, तिथं लाकडी बूच मारलं.

पहिल्या दिवशी मामा बसून बाहेर आले तेव्हा डोळे भरलेले होते. लोहाराचा घण दुसऱ्या गावात कुणी कुटत असावं तसा लांबून यायचा. आत बोलायचं नाही, एवढाच नियम. हळूहळू हमाल येऊ लागले, टांगेवाले येऊ लागले. लोक तिला मुकी खोली म्हणू लागले. भाजी विकणारी मंजुळाबाई तर रोजची. नवरा नसलेली बाई, पदरात एकच लेक, मनकर्णा. पोरीला मांडीवर घेऊन ती त्या थंडगार भिंतीला पाठ टेकून बसायची.

मग लढाईचे दिवस आले. धान्य मिळेना, आणि असेल त्यावर निजाम सरकारची लेव्ही, सक्तीनं घालायचा वाटा. एका हिवाळ्यात मंजुळाबाईच्या घरी चूल पेटेना. मामांकडं होतं ते त्यांनी दिलं, आणि संपल्यावर तातेरावांकडं गेले. तातेरावांनी त्यांचा हात धरून कणगीत घातला. "बघ, तळ लागला. माझीच लेकरं उपाशी हायती, तुला काय सांगू?" मामांचं तोंड एवढंसं झालं. मित्राला उगाच तकलीफ दिली म्हणून वर त्याचीच माफी मागून आले. त्याच हिवाळ्यात मनकर्णा गेली. आला होता नुसता ताप, पण त्याच्याशी झगडायला पोरीच्या अंगात काही उरलंच नव्हतं. तिचं सुतक फिटल्यावर मंजुळाबाई पुन्हा त्याच भिंतीला टेकून बसू लागली.

त्यानंतर दोनएक वर्षांनी मामांना खोलीत घणाचा आवाज येऊ लागला. मग टांगेवाल्यांच्या शिव्या, मग भोंगा. त्यांनी तातेरावांना विचारलं. "भिंत तीच हाय, माणिक," तातेराव हसून म्हणाले, "तुझं मन पातळ झालं." आणि मामांनी ते खरं मानलं! तंबाखू सोडली, मीठ सोडलं, एका वेळेवर आले. भलता भोळा माणूस. मला त्यांचा राग यायचा.

एके दिवशी भाकरी देऊन मी तिथंच टेकले आणि सवयीनं भिंतीवर बुक्की मारली. आमच्या घरात बायका बळदावर अशीच बुक्की मारतात. आवाजावरून धान्य कुठवर आलंय ते कळतं. भिंत ढबढब वाजली. मी नियम मोडून ओरडले, "मामा, मन कसलं पातळ? भिंत रिकामी हाय ही!"

तातेराव घरी नव्हते. मामा माळवदावर चढले, वरचा दगड सरकवला आणि दोरीला लोटा बांधून आत सोडला. लोटा वर आला तो ज्वारी घेऊन. तळाची, टोके पडलेली, किडकी ज्वारी. भुसकटाचा कण नव्हता. मामा कडब्यासाठी गावी जायचे तेव्हा तातेरावांनी बूच काढून भुसकट उपसलं होतं आणि बळद ज्वारीनं गळ्यापर्यंत भरलं होतं. टंचाईत ते भरलेलंच होतं. नंतर ज्वारी विकायला गाड्या कळमनुरीकडं गेल्या, आणि रिकामी भिंत वाजू लागली.

मामा माळवदावरच खाली बसले. "ज्वारीला पाठ लावून बसत व्हती गं ती," म्हणाले, "उपाशी पोरगी मांडीवर घिऊन." आणि लहान लेकरासारखे रडले.

संध्याकाळी त्यांनी तातेरावांना गाठलं. तो माणूस शांतपणे म्हणाला, "ज्वारी व्हती तंवर तुला आवाज आला का? तुझं ध्यान बराबर लागत व्हतं ना? मंग तुझं काय बिघडलं?"

मी म्हटलं, बाजारात बोंब मारा. मामा म्हणाले, "लेव्ही लपवली म्हून तुरुंगात टाकतील त्याला. त्याच्या म्हाताऱ्या आयला कोन बघंल?" खोलीला कुलूप घातलं आणि विचारील त्याला सांगितलं, माझं मन लागत नाही. आपल्याच मनावर आळ घेतला त्यांनी.

१९४८ साली निजामाचं राज्य गेलं. बाजारात सभा भरली. तातेराव पांढरी टोपी घालून उभे राहिले. "निजामाच्या लेव्हीला म्या दाना दिला न्हाई! टंचाईच्या साली बी माझं बळद गच्च भरलेलं व्हतं!" टाळ्या पडल्या. "अन् ते बळद बांधलं कुनी? ह्या माझ्या माणिकनं!" त्यांनी मामांना ओढून वर घेतलं आणि आपल्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात घातला. माझा हात चपलेकडं गेला होता, खोटं कशाला सांगू.

मामा खाली उतरले तर समोर मंजुळाबाई. भाजीची टोपली तशीच कडेवर.

"माझी मनकर्णा गेली तवा तुमाला म्हाईत व्हतं, माणिकभाऊ?"

"न्हाई. शालूची शपत, न्हाई."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं होतं. मग विचारलं, "कवा कळलं?"

"दोन वर्सं झाली."

"मंग मला सांगितलं काहून न्हाई?"

टोपली सावरून ती निघून गेली. गर्दीतले लोक येत होते, मामांचा हात हातात घेऊन शाबासकी देत होते, आणि मामा हार गळ्यात तसाच घेऊन उभे होते.