खात्री माझी

भाट्ये गावच्या कबड्डी स्पर्धेत माइक आमच्या निवेदकाच्याच हाती असतो, आणि गावभर फिरून जाहिरातीही तोच गोळा करतो. माइकला रुमाल गुंडाळायचा, एका कानावर तळहात ठेवायचा आणि दुकानाचं नाव असं लांबवायचं, की मागच्या माडांतले कावळे उडावेत. त्या दुकानाचा माल स्वतः घरी वापरून बघितला असेल, तरच शेवटी "खात्री माझी!" म्हणतो. नाहीतर नुसतं नाव. कोणी विचारलंच, तर म्हणतो, "तोंड माझं हाय."

यंदा मुलींची अंतिम लढत रंगली होती. गुण बरोबरीत, चढाई चालू. तेवढ्यात मुख्य प्रायोजक, एक मोठे बिल्डर, गाडीतून उतरले. पाहुणा आला की सामना थांबवून शाल-श्रीफळ द्यायचं, ही आमच्याकडची रीत. पंचांनी शिट्टी ओठांना लावलीसुद्धा.

"पंच, चढाई चालू आहे," हा माइकवरून गरजला. "साहेब, वाईच रेषेबाहेर थांबा. पोरी खेळतायत."

मंडळाचे अध्यक्ष धावत आले. "अरे, मंडप त्यांचा, ट्रॉफी त्यांची!"

"आणि पोरी कोणाच्या?" माइक बाजूला न करताच त्याने विचारलं.

बिल्डर तसेच गाडीत बसून निघून गेले. अध्यक्षांनी डोक्याला हात लावला.

सामना संपल्यावर मुख्य प्रायोजकाची जाहिरात करायची असते. त्याने कानावर तळहात ठेवला आणि दोन्ही संघांतल्या एकेका मुलीचं नाव, गावासकट, तसंच लांबवून घेतलं.

मग म्हणाला, "खात्री माझी!"