भावजींच्या प्लायवूडमधलं वीतभर भोक

ओव्हन, गिझर, मिक्सर दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली. हात हलका, पण डोकं तापट. गिऱ्हाइकावर ओरडता येत नाही, म्हणून तो मनातल्या मनात ओरडायचा. त्या दिवशी मात्र गिऱ्हाईक सख्खी मोठी बहीण होती.

"ताई, ओव्हनचं ते आपोआप सफाईचं बटण दाबू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं!"

"मग कंपनीने ठेवलंय कशाला?"

याचं उत्तर त्याला तीस वर्षांत सापडलं नव्हतं. आतला चिकटा जाळायला ओव्हन भट्टीसारखा तापला, मागचा फ्यूज उडाला आणि दार आतून लॉक होऊन बसलं. फ्यूज बदलणं पाच मिनिटांचं काम. पण त्यासाठी ओव्हन भिंतीतल्या कपाटातून बाहेर ओढायला हवा, आणि त्याला धरून ठेवणारे स्क्रू त्या बंद दाराच्या आत! मेन स्विच बंद करून तासभर तो फटीतून पातळ पट्टी घालत राहिला. बोटं सोलवटली, लॉक ढिम्म हललं नाही.

उरला एकच मार्ग. ओव्हनवरच्या फडताळाचा तळ कापायचा. ते फडताळ भावजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या हातचं. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस.

"माझ्या प्लायला करवत लावणार?"

"भावजी, वीतभर भोक हवंय फक्त."

"वीतभर कशाला? घरच पाड ना!"

अर्धा तास हुज्जत चालली. शेवटी ताई फडताळातले डबे खाली उतरवू लागली. सहावा डबा उतरला तसे भावजी उठले.

"सरक. तू वाकडं कापशील."

चौकोन रेघेत निघाला. त्याने वरून खांद्यापर्यंत हात घातला, चाचपडत लॉक मागे सारलं, शिव्या गिळत फ्यूज बसवला. मेन स्विच चालू केला. ओव्हन तापू लागला.

"एवढी काय सफाईची घाई होती तुला?" घाम पुसत त्याने विचारलं.

"गेल्या रविवारी जेवताना कोण म्हणालं, तुझ्या ओव्हनला करपट वास येतो म्हणून?"

तोच म्हणाला होता. तो खाली वाकून हत्यारं आवरू लागला. भावजी मात्र कापलेल्या तुकड्याला बिजागऱ्या लावत होते.

"हे कशाला?"

"झाकण करतोय. पुढच्या वेळी बरं पडेल."

"पुढच्या वेळी?" तो किंचाळलाच.