बुडालेल्या बांधावरची लाल निशाणं

आता कुणी हसायचं नाही, आधीच सांगून ठेवते! बांध माझा होता. आजही माझाच आहे. वर धरणाचं पाणी आलं म्हणून काय झालं?

आमचं वावर धरणात गेलं. एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला धाकटा दीर सखाराम, मधे दगडी बांध. तो आमच्या हिश्शाचा, एवढं त्याच्या तोंडून वदवून घ्यायला मी भांडभांड भांडले. मेला कबूल होईल तर शपथ! तेवढ्यात पाणी चढलं आणि भांडणासकट बांध बुडाला.

मग लोणावळ्याच्या बंगल्यांतले साहेब यायला लागले, गळ टाकायला. पोटासाठी नव्हे हो, हौस म्हणून! दोरीला शिसं बांधून होडीतून तळ चाचपायचे, उन्हात लालबुंद व्हायचे आणि हात हलवत परतायचे. मासे बुडालेल्या बांधाच्या कपारीत राहतात, हे त्यांना कोण सांगणार? मी? हॅत्!

पण एका वैशाखात एक साहेब वाहत वाहत नेमका माझ्या बांधावर आला आणि हे एवढं धूड उपसून घेऊन गेला. माझ्या बांधावरचा मासा! न विचारता!

डोकंच फिरलं माझं. वादाच्या बांधावर मालकानं काठी रोवायची, ही आमच्याकडची रीत. पाणी उतरलेलं, बांधावर जेमतेम कमरेइतकं. लुगडं खोचलं, काठापासून बांधावरूनच चालत गेले आणि दगडांच्या फटीत बांबू ठोकला. वर लाल चिंधी.

"आगं, काय करतीस?" आमचे हे काठावरून ओरडले.

"हद्द दावतीय! कळू द्या मेल्यांस्नी!"

कळलं की! दुसऱ्या दिवशी माझ्याच बांबूला साहेबांच्या होड्या बांधलेल्या!

मग तर मी पेटलेच. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबू रोवले.

"पुरे कर गं," हे म्हणाले, "येक बांबू लावला की येक होडी वाढतीया."

ऐकते कुठली? संध्याकाळी अख्ख्या बांधावर साहेबच साहेब! कावळे बसावेत तसे!

मी काठावर उभी राहून शिव्या घालत होते, तर तो पहिला साहेब टोपी काढून समोर आला. "बाई, बहुत अच्छा निशान लगाया!" म्हणाला आणि एक जिवंत मासा माझ्या हातांत कोंबला.

मागं सखाराम हसून हसून पोट धरून खाली बसला होता.

"वयनी, आजपतुर म्या मानलं न्हाई. पर आता साऱ्या लोनावळ्याला ठावं झालंया. बांध तुमचाच!"

काय सांगू! जे ऐकायला उभा जन्म भांडले, ते ऐकलं तेव्हा त्याला उत्तर द्यायचीही सोय नव्हती. साहेबाचा मासा शेपटीनं माझ्या तोंडात फटाफट मारत होता!